सुंदर आहे, म्हणून राखा

१८५२ साली थिओडोर रूसो या चित्रकाराने फ्रान्सच्या सरकारकडे एक अर्ज केला. पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर फाँतेनब्लोचं जंगल आहे. त्यातल्या काही जुन्या भागांत वनखात्याने तोड करू नये आणि नवी लागवडही करू नये, एवढीच मागणी होती. या मागणीमागे लाकडाचा हिशेब नव्हता की पाण्याचा. हे ओक, हे बीच वृक्ष, हे खडक सुंदर आहेत, देशाचे चित्रकार इथे निसर्गाकडे पाहायला शिकतात, ते एकदा गेले की पुन्हा मिळणार नाहीत, हेच कारण. पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळलं गेलं. १८६१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या फर्मानाने हा राखीव भाग १०९७ हेक्टर झाला, आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद ‘कलात्मक’ विभाग अशी झाली. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान जाहीर व्हायला अजून अकरा वर्षं होती.

जंगल राखण्याची कारणं तोवर बरीच सांगितली गेली होती. जहाजांना लाकूड हवं, राजाला शिकार हवी, नद्यांना पाणी हवं. सौंदर्य हे कारण राज्यकर्त्यांसमोर उघडपणे मांडलं गेलं आणि ते मान्यही झालं, हे नवीन होतं. मला वाटतं ते आज पुन्हा तितक्याच उघडपणे मांडायला हवं. एखादी टेकडी, एखादी जुनी वडांची रांग, एखादं पठार वाचवायचं असेल तर ‘ते सुंदर आहे’ हे सार्वजनिक निर्णयातलं पहिल्या दर्जाचं कारण आहे, आणि आपण ते लाजत लाजत शेवटच्या ओळीत टाकतो. मात्र रूसोने ते ज्या पद्धतीने मांडलं, त्यात एक मोठी उणीव होती. ती भरून न काढता हे कारण वापरलं तर त्यातून अन्याय होतो, आणि तोही झालेला आहे.

रूसोचा जन्म १८१२ चा, पॅरिसचा. वडील कापडाचे व्यापारी. घरी खाऊनपिऊन सुखी, पण प्रतिष्ठित कलावर्तुळाशी संबंध नसलेलं कुटुंब. त्या काळी फ्रान्समध्ये निसर्गचित्राला चित्रप्रकारांच्या उतरंडीत बरीच खालची जागा होती. वर होतं ऐतिहासिक आणि धार्मिक चित्र. निसर्गचित्राला मान मिळवायचा तर त्यात रोमन वीर, ग्रीक देवता, निदान एखादं पडकं मंदिर हवं. १८१७ पासून ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठी दर चार वर्षांनी रोमची शिष्यवृत्तीसुद्धा होती. म्हणजे फ्रेंच मुलाने निसर्ग रंगवायला इटलीत जायचं, तिथल्या उन्हात झाडं मांडायची आणि त्यांच्याखाली एखादी पुराणकथा बसवायची.

रूसो इटलीला गेला नाही. अठराव्या वर्षी तो ओव्हेर्न्यच्या डोंगरांत गेला, मग नॉर्मंडी, मग ज्यूरा, आणि पुन्हा पुन्हा फाँतेनब्लो. १८३१ पासून पॅरिसच्या वार्षिक सरकारी प्रदर्शनात, ‘सलाँ’मध्ये, त्याची चित्रं लागू लागली. १८३६ मध्ये त्याने ज्यूराच्या डोंगरातून गुरं खाली उतरतानाचं एक भव्य चित्र पाठवलं आणि निवड समितीने ते नाकारलं. आरी शेफेर या मान्यवर चित्रकाराने ते नाकारलेलं चित्र स्वतःच्या स्टुडिओत लावून लोकांना दाखवलं, तरी समितीचं मन बदललं नाही. पुढची काही वर्षं नकार येतच राहिले. १८४१ नंतर रूसोने चित्रं पाठवणंच बंद केलं. ‘थोर नाकारलेला’ हे नाव त्याला चिकटलं. १८४८ च्या क्रांतीने ही समिती उलथली, नव्या सरकारने त्याच्याकडून एक चित्र मागवलं, १८४९ मध्ये त्याला पदक मिळालं आणि १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रं मानाने मांडली गेली. १८६७ च्या प्रदर्शनात तर तो चित्रकलेच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच वर्षी डिसेंबरात बार्बिझाँ या जंगलाच्या कडेवरच्या गावात तो वारला.

हा नकाराचा इतिहास आणि तो जंगलाचा अर्ज, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. समितीला रूसोच्या चित्रात खटकत होतं ते हेच, की यात कोणी नायक नाही. एक ओक उभा आहे, पाऊस पडून गेला आहे, चिखलात एक डबकं आहे. यात पाहायचं काय? रूसोचं सगळं काम या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. झाड स्वतःच पाहण्यासारखं आहे, त्याला कथेचा आधार लागत नाही. कागदावर अर्ज लिहिण्याच्या आधी वीस वर्षं तो कॅनव्हासवर हेच म्हणत होता.

त्याची काम करण्याची रीत पाहिली की हे आणखी पटतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं ‘हिवाळ्यातलं जंगल, सूर्यास्त’ हे चित्र आहे, अडीच मीटरहून जास्त रुंद. ते त्याने १८४६ च्या सुमारास हाती घेतलं आणि जवळजवळ मरेपर्यंत, वीसेक वर्षं, त्यावर काम करत राहिला. फांद्यांवर फांद्या, काळोखावर काळोख, आणि खोल आत लालसर उजेडाची एक फट. माणसं आहेत, पण इतकी लहान की शोधावी लागतात: मोळ्या घेऊन निघालेल्या बायका. रूसोला चित्र संपवता येत नसे ही त्याच्या मित्रांची नेहमीची तक्रार. तो पुन्हा खरडायचा, पुन्हा रंगवायचा, आणि त्या काळी सर्रास वापरलं जाणारं डांबरी तपकिरी रंगद्रव्य वापरायचा. ते नीट वाळत नाही, काळं पडतं, तडकतं. ज्यूराच्या गुरांचं ते नाकारलेलं चित्र आज इतकं काळवंडलं आहे की समितीने नेमकं काय नाकारलं हे सामान्य प्रेक्षकाला कळणंही कठीण. मला ही फार मोठी हानी वाटते. पण ज्या चिकाटीने तो एकेका झाडाकडे परत जायचा, तीतून एक गोष्ट ठळक होते. त्याच्या चित्रात ‘झाडं’ नसतात, हे झाड आणि ते झाड असतं. एकाची डावी फांदी वादळात मोडलेली, दुसऱ्याच्या बुंध्यात पोकळी, तिसरं खडकाला रेलून वाढलेलं. तो त्यांची व्यक्तिचित्रं काढत होता.

१८४७ मध्ये त्याने ईल-आदाँच्या जंगलातली तोड रंगवायला घेतली. चित्राला नाव दिलं ‘निरागसांची कत्तल’. बायबलातला हेरोद राजा बेथलेहेममधली बालकं मारवतो, त्या प्रसंगाचं हे नाव. शतकानुशतकं चित्रकार त्या नावाखाली आया, तान्ही मुलं आणि तलवारी रंगवत आले होते. रूसोने तिथे झाडं ठेवली. ज्या काळी निसर्गचित्राला धर्मकथेची पायरी चढता येत नव्हती, तेव्हा त्याने सरळ धर्मकथेच्या जागी जंगल आणून बसवलं. चित्र अपुरं राहिलं. आज ते नेदरलँड्समध्ये, हेगच्या मेसदाख संग्रहात आहे.

आता दुसरी बाजू. फाँतेनब्लोचं वनखातं दुष्ट नव्हतं. १८२४ मध्ये नाँसी शहरात फ्रान्सचं वनशास्त्र विद्यालय सुरू झालं. तिथे शिकलेल्या अधिकाऱ्यांसमोर खरा प्रश्न होता. शतकानुशतकांच्या बेबंद तोडीने देशातली जंगलं विरळ झाली होती, आणि फाँतेनब्लोची जमीन तर वाळूची. अशा वाळूत स्कॉट्स पाइन हा सूचिपर्णी वृक्ष चांगला आणि लवकर वाढतो. १८३० नंतर तिथे पाइनची मोठी लागवड झाली. मोकळ्या माळांवर, खडकांमध्ये, म्हाताऱ्या ओकांच्या आजूबाजूला सरळ रांगा उभ्या राहू लागल्या. जुनी झाडं ‘पक्व होऊन गेलेली’, म्हणजे लाकूड म्हणून किंमत उतरत चाललेली, तेव्हा ती काढून नवी लावणं हे त्यांच्या शास्त्रानुसार उत्तम व्यवस्थापन होतं. चित्रकार इतके चिडले की पाइनची रोपं उपटून टाकू लागले.

मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण झगडा ‘जंगल हवं’ आणि ‘जंगल नको’ असा नव्हताच. दोन्ही बाजू झाडांच्याच होत्या. वनखात्याच्या वहीत तीनशे वर्षांच्या ओकाखालची जमीन आणि दहा वर्षांच्या पाइनखालची जमीन ही दोन्ही ‘वनक्षेत्र’च. हेक्टर तेवढेच, वाढीचा वेग पाइनचा जास्त. या भाषेत बोलत राहिले असते तर चित्रकार हरले असते. कारण उपयोगाच्या भाषेत एक झाड दुसऱ्या झाडाने भरून काढता येतं. सौंदर्याच्या भाषेत ते येत नाही. बा-ब्रेओ भागातला एखादा ओक दुसरीकडे दहा रोपं लावून परत मिळत नाही, हे सांगायला दुसरी कुठलीही भाषा तेव्हा उपलब्ध नव्हती.

आज आपण झाडं वाचवायला निघतो तेव्हा काय म्हणतो? प्राणवायू, कार्बन, तापमान, भूजल. हे सगळं खरं आहे आणि बोललंच पाहिजे. पण एवढंच बोललं की आपण त्याच वहीत शिरतो. महाराष्ट्राच्या नागरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला आणि असं झाड तोडायचं झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. आधीपेक्षा हे नक्कीच बरं. झाडाचं वय मोजलं जातंय, ही मोठी गोष्ट आहे. तरी अट वाचताना लक्षात येतं की ऐंशी वर्षांच्या पिंपळाचा भाव ऐंशी रोपं असा ठरला. रोपं शहराबाहेर कुठेतरी लागतील, जगतील किंवा मरतील. पिंपळ ज्या चौकात होता तो चौक मात्र कायमचा वेगळा होईल, आणि त्या नुकसानीचा रकाना या हिशेबात नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आरेमध्ये दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात पडली, तेव्हाही बाजू मांडणाऱ्यांकडे उत्तर तयार होतं: याच्या कितीतरी पट झाडं लावू, मेट्रोमुळे इतका कार्बन वाचेल. कार्बनला कार्बनने उत्तर देता येतं. गर्दीने कोंडलेल्या शहरात लोकांना सकाळी चालत जाता येईल असं रान उरलं आहे, आणि ते जाऊ नये असं त्यांना वाटतं, या म्हणण्याला आकड्याने उत्तर नाही. पण हे म्हणणं पुरावा म्हणून कोणी नोंदवूनच घेत नाही.

इथवर मी रूसोच्या बाजूने आहे. आता त्याच्याविरुद्धचा आक्षेप, आणि तो हलका नाही.

फाँतेनब्लोच्या जंगलात फक्त चित्रकार आणि वनाधिकारी नव्हते. आसपासच्या गावांतल्या बायका वाळकी लाकडं वेचायच्या. गुराखी गुरं आणायचे. खाणकामगार वालुकाश्म फोडून पॅरिसच्या रस्त्यांसाठी फरसबंदीचे दगड घडवायचे आणि दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं जायची. १८२७ च्या फ्रेंच वनसंहितेने देशभर चराईच्या आणि जळणाच्या परंपरागत हक्कांवर गदा आणली होती. दक्षिणेत पिरेनीज डोंगराच्या आरिएज भागात तर शेतकऱ्यांनी बायकांचा वेश करून वनरक्षकांवर हल्ले केले, १८२९ ते १८३२ पर्यंत हे बंड धुमसत राहिलं. रूसोच्या काळातली ही ताजी आठवण. पण जंगल वाचवण्याच्या त्या चळवळीत बोलणारे चित्रकार, लेखक, पॅरिसचे रसिक. १८७२ मध्ये पुन्हा तोडीचा धोका आला तेव्हा लेखिका जॉर्ज सँड यांनी जंगलाच्या बाजूने लेख लिहिला. मोळीवालीला मात्र या वादात कोणी काही विचारलं नाही.

याच्यावरचं सगळ्यात कडक भाष्य रूसोच्या अगदी शेजारी राहत होतं. ज्याँ-फ्रांस्वा मिये हा चित्रकार १८४९ मध्ये बार्बिझाँला आला, आणि दोघे जिवलग मित्र झाले. १८५५ मध्ये मिये पैशाच्या चणचणीत होता. रूसोने एका अमेरिकन ग्राहकाचं नाव पुढे करून त्याचं ‘कलम करणारा शेतकरी’ हे चित्र चार हजार फ्रँकना स्वतःच विकत घेतलं, मित्राला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून. असा हा माणूस. पण दोघांची चित्रं शेजारी ठेवा. रूसोच्या जंगलात मोळीवाली म्हणजे फांद्यांच्या काळोखात एक ठिपका. मियेच्या चित्रात ती मोळीच सगळ्यात जड वस्तू असते, तिच्याखाली पाठ वाकलेली दिसते. १८५९ च्या सलाँसाठी त्याने ‘मृत्यू आणि लाकूडतोड्या’ पाठवलं. ओझ्याने कोलमडून बसलेल्या म्हाताऱ्याला मृत्यू धरून नेतो आहे. ते नाकारलं गेलं. एकाच जंगलाच्या कडेला राहून, एकमेकांवर माया करत, दोघांनी दोन जंगलं पाहिली. मला दोन्ही खरी वाटतात, आणि सार्वजनिक धोरणात यातलं एकच येतं तेव्हा गडबड होते.

शिवाय एक गोष्ट अशी, की ज्यांना बाजूला ठेवलं त्यांनीच ते सौंदर्य घडवलेलं होतं. रूसोचं ‘आप्रमाँचे ओक’ हे १८५२ च्या सुमाराचं चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे; आप्रमाँ हा फाँतेनब्लोच्या जंगलाचाच एक भाग. भर दुपार, मोकळा गवताळ माळ, मधोमध चार-पाच डेरेदार ओक आणि त्यांच्या सावलीत गुरं. ओकाला असा रुंद, जमिनीकडे झुकलेला डेरा दाट जंगलात येत नाही. आजूबाजूला मोकळं असेल तरच येतो, आणि मोकळं राहतं ते गुरं चरतात म्हणून. तो माळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने घडला होता. पुढे चराई थांबली आणि पाइन पसरत गेला. आज आप्रमाँला जाणाऱ्याला चित्रातला तो उघडा माळ फारसा सापडत नाही, त्या भागावर झाडी दाटली आहे. गुराख्याला अनाहूत समजून बाहेर ठेवा आणि त्याने राखलेलं दृश्य मात्र जपा, हे जमतच नाही.

रूसोला हे अजिबात दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. १८४४ मध्ये तो मित्र ज्यूल द्युप्रेबरोबर नैऋत्येच्या लाँद प्रांतात गेला होता. दलदल, सपाट क्षितिज, दूरवर पिरेनीज आणि मेंढपाळांची सामाईक कुरणं. त्यावरचं ‘लाँदमधली दलदल’ हे चित्र त्याने १८५२ मध्ये, म्हणजे जंगलाच्या अर्जाच्याच वर्षी, पुरं केलं. पाचच वर्षांनी, १८५७ मध्ये, फ्रान्सने कायदा करून लाँदच्या गावांना त्यांच्या सामाईक जमिनीतलं पाणी काढून तिथे पाइन लावायला भाग पाडलं. उंच काठ्यांवर चढून कळप राखणारे ते मेंढपाळ हळूहळू नाहीसे झाले. त्या कुरणांना वाचवायला अर्ज घेऊन कोणी गेलं नाही. लाँद पॅरिसहून लांब होतं.

हा धागा आपल्यापर्यंत खरोखर येतो, आणि तो नाँसीमार्गे येतो. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ वीस वर्षं ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्यात येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना शिकायला नाँसीला पाठवलं जात असे. तिथलं तोडीच्या फेऱ्यांचं, कूप (तोडीचे पट्टे) आखण्याचं, हक्क ‘नियमित’ करण्याचं शास्त्र ते सह्याद्रीत आणि सातपुड्यात घेऊन आले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतून गावांचे हक्क आवळले. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिलं की या खात्याने डोंगर, दऱ्याखोरी आणि गायरानंसुद्धा जंगलात घालून गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडाला चरायला जागा ठेवली नाही. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. फुल्यांची ही तक्रार आणि मियेचं ते नाकारलेलं चित्र एकाच व्यवस्थेबद्दल बोलतात.

म्हणून ‘सौंदर्य हे पोटभरल्यांचं कारण’ या आक्षेपाला माझं उत्तर असं, की ते तसं झालं आहे, पण तसंच असायला हवं असं नाही. कासच्या पठाराकडे पाहा. ते जगाला माहीत झालं फुलांच्या सौंदर्यामुळे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत ते आलं. गर्दी आवरायला कुंपण घातलं गेलं, चराई थांबली, आणि काही वर्षांत अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी सांगायला सुरुवात केली की उंच गवत माजतंय आणि फुलं कमी होताहेत. कुंपण पुढे काढण्यात आलं. आप्रमाँच्या माळावर जे घडलं तेच इथे घडू लागलं होतं, फरक एवढाच की इथे आसपासच्या गावांच्या समितीच्या हातात व्यवस्थेचा काही भाग होता आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जाण्याची थोडी तरी शक्यता होती. सौंदर्य राखायचं तर ते कोणाच्या कष्टाने आणि कोणाच्या वहिवाटीने झालं आहे हे आधी विचारावं लागतं. देवराया राखणाऱ्या गावांना हे कोणी शिकवलं नव्हतं. तिथे राखणारे आणि राहणारे एकच होते.

दुसरा आक्षेप गर्दीचा. एखादी जागा सुंदर म्हणून जाहीर केली की लोक येतात आणि तिचं वाटोळं करतात. फाँतेनब्लोतही हा वाद झाला. क्लोद-फ्रांस्वा देनकूर हा पहिल्या नेपोलियनच्या सैन्यातला निवृत्त शिपाई जंगलाच्या प्रेमात पडला. १८४० च्या दशकात त्याने स्वतःच्या खर्चाने पायवाटा आखल्या, झाडांवर आणि खडकांवर निळे बाण रंगवले, मार्गदर्शक पुस्तिका छापल्या. १८४९ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि रविवारी कारकून, शिंपिणी, दुकानदार जंगलात फिरू लागले. काही चित्रकारांना हे सहन झालं नाही. या एका बाबतीत मी देनकूरच्या बाजूने आहे. ज्या सौंदर्यासाठी सार्वजनिक जमीन राखायची ते सौंदर्य पाहायचा हक्क निवडक डोळ्यांपुरता कसा ठेवता येईल? गर्दीचं नियोजन करता येतं, आणि देनकूरच्या वाटा हे नियोजनच होतं. माणसं बाणांच्या मागे गेली आणि बाकीचं रान त्यांच्या पायांखालून वाचलं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो: सौंदर्य व्यक्तिनिष्ठ आहे, मग ठरवणार कोण? यावर फाँतेनब्लोचाच पुढचा इतिहास सांगावासा वाटतो. १८५३ मध्ये तोडीतून वगळलेल्या भागात ला तिलाई आणि ग्रो-फुतो ही बीच-ओकची जुनी वनं होती. तिथे तेव्हापासून कुऱ्हाड लागलेली नाही. झाडं वठली, पडली, कुजली, तशीच राहिली. १८५३ मध्ये ‘इकॉलॉजी’ ही संज्ञाही जन्मली नव्हती. कुजणाऱ्या लाकडावर जगणारे भुंगेरे, बुरशी, पोकळ बुंध्यांत राहणारी वटवाघळं यांची जंगलाला काय गरज असते, हे कुठल्याही वनाधिकाऱ्याला सांगता आलं नसतं. आज युरोपातले शास्त्रज्ञ याच तुकड्यांत जुन्या जंगलाचा अभ्यास करतात, कारण मैदानी पश्चिम युरोपात इतका काळ न तोडलेलं रान फार थोडं उरलं आहे. १९४८ मध्ये निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना, आजची आययूसीएन, स्थापन करायला देश जमले तेही फाँतेनब्लोलाच. म्हणजे ज्या निकषाला आपण व्यक्तिनिष्ठ म्हणून उडवून लावतो, त्याने त्या काळच्या शास्त्रापेक्षा जास्त काही राखलं. याचा अर्थ सौंदर्याला शेवटी विज्ञानाच्या दाखल्याची गरज आहे असा मी घेत नाही. रूसो भुंगेऱ्यांसाठी भांडत नव्हता, आणि भुंगेरे सापडले नसते तरी त्याची मागणी योग्यच ठरली असती. पण जे लोक एखादी जागा वर्षानुवर्षं निरखतात त्यांना तिच्यात काहीतरी अमोल दिसतं, ते काय आहे हे सांगायला कधी कधी शंभर वर्षं लागतात, आणि तोवर जागा शिल्लक असावी लागते.

ठरवणार कोण, याचं व्यवहारातलं उत्तर त्यामुळे फार अवघड नाही. निरखणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी मिळून. शहरात झाड तोडायचं असेल तर नोटीस लागते आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत लोक घाईघाईने झाडावरच्या पक्ष्यांच्या जाती मोजतात, प्राणवायूचे आकडे शोधतात, कारण दुसरं काही लिहिलं तर अधिकारी बाजूला ठेवील अशी भीती असते. ही भीती घालवायचं काम नियम करणाऱ्यांचं आहे. हरकतीच्या अर्जात या जागेचं रूप काय आहे, ते कधीपासून आहे, ते पाहणारे आणि वापरणारे कोण, ते गेल्यावर इथे काय दिसेल, हे लिहायला जागा हवी, आणि वृक्ष प्राधिकरणाने त्यावर कारणांसह लेखी निर्णय देण्याचं बंधन हवं. डोंगराळ भागात, राखीव जंगलाच्या कडेला, हाच प्रश्न आधी ग्रामसभेत जायला हवा. तिथल्या गुराख्याने ‘हा माळ आमच्या गुरांमुळे असा आहे’ असं सांगितलं तर ते टिपणात त्याच्या शब्दांत आलं पाहिजे, बाहेरच्या तज्ज्ञाच्या अहवालाला जोडलेलं परिशिष्ट म्हणून नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण करण्याचा हक्क दिलेलाच आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाने तो २००९ मध्ये मिळवला आणि वापरून दाखवला.

बार्बिझाँजवळ जंगलात एका मोठ्या खडकावर १८८४ पासून काशाचं एक पदक बसवलेलं आहे, आंरी शाप्यू या शिल्पकाराने केलेलं. त्यावर रूसो आणि मिये यांचे चेहरे एकत्र आहेत. हे स्मारक उभारणाऱ्यांनी दोघांना वेगळं केलं नाही. आपल्या टेकड्यांबद्दलचे कागद तयार करणाऱ्यांनीही ते करू नये, एवढीच माझी मागणी आहे.